अनोळखी भूमीवर उतरणारें विमान

विमानाच्या प्रवासांत सर्वांत कठीण घटका असते ती उतरण्याची; आणि उतरण्याची जागा तयार केलेली नसेल तर लहान विमानासही ती जड जाते. ॲमी जॉन्सन या इंग्रज तरुणीच्या प्रवासावरून हें चांगलें कळतें.

५ मे १९३० रोजीं ती इंग्लंडांतील क्रॉयडनहून 'जेसन' नांवाच्या जिप्सी मॉथ विमानांतून एकटीच ऑस्ट्रेलियाकडे निघाली. कराचीस ती सहा दिवसांत पोहोंचली; बर्ट हिंकलर याच्या १९२८ च्या विक्रमाच्या दोन दिवस पुढें. नंतर पेट्रोल सरत आल्यामुळें तिला झांशीस कवायतीच्या मैदानावर उतरावें लागलें. जागा अपुरी पडली. विमान बराकींपर्यंत धांवत गेलें व पंख दुखावला. तेव्हांच्या ब्रह्मदेशांत, रंगूनचें शर्यतीचें मैदान शोधीत असतां, ती भर पावसांत इनसीन येथील खेळाच्या मैदानावर उतरली. विमान चरांत गेलें. पुढील पंखा मोडला, चाकांचा सांगाडाही मोडला. तेथील तंत्रशाळेंतील शिक्षक व विद्यार्थी यांनीं तें दुरुस्त केलें, पण दिवस गेले. जावा बेटांत उसाच्या मळ्यावर उतरतांना बांबूच्या खुंटांनीं पंखांस भोकें पाडलीं. तीं चिकटपट्टीनें बुजविलीं. २४ मे रोजीं ती डार्विनला पोहोंचली. ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीनें उडत जाणारी ती पहिली स्त्री. विक्रम मात्र हिंकलरकडेच राहिला.

असें कां व्हावें? उंचावरून जमीन सतरंजीसारखी सपाट दिसते. गवताखालचा चर, शेताचा बांध, रोंवलेला खुंट, चिखल यांतील कांहींच वरून कळत नाहीं. मॉथसारखें हलकें विमानही टेकतांना ताशीं चाळीस मैलांच्या आसपास वेगांत असतें. अशा वेळीं चाक अडलें कीं शेपूट उचलली जाते व नाक जमिनींत रुततें.

म्हणून जाणता वैमानिक प्रथम त्या जागेवरून कमी उंचीनें एक फेरी मारतो, धुरावरून वाऱ्याची दिशा ओळखतो आणि वाऱ्याकडे तोंड करून उतरतो. येथून पुन्हां उडतां येईल काय, हेंही तो आधींच पाहतो. या पाहणीस पेट्रोल लागतें, उजेड लागतो. दोन्ही शिल्लक असतांनाच उतरण्याचा निश्चय करावा. तीं संपल्यावर जागा निवडणें वैमानिकाच्या हातीं राहत नाहीं.