आठवणीतील विमाने

रायपूर हे तळ्यांचे गाव. बुढा तालाब, तेलीबांधा ही नावे तेथे जन्मलेल्या माणसाच्या जिभेवर शाळेच्या नावाआधी येतात. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात छत्तीसगड असल्यापासून या शहरात मराठी कुटुंबेही नांदत आली आहेत. तात्यापारा या वस्तीच्या नावातूनही मराठीपण डोकावते. बैलगाडी, सायकल आणि आगगाडी एवढ्यांवर ज्याचे जग आटोपत होते अशा या शहराजवळ, माना येथील धावपट्टीवर, 1945 साली ब्रिटिश हवाई दलाचे 298 क्रमांकाचे पथक येऊन उतरले. त्याच्याजवळ हॅलिफॅक्स विमाने होती. चार इंजिने आणि शंभर फुटांहून अधिक पंखविस्तार असे हे धूड होते. याच पथकाने 1944 च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या स्वारीत रणगाडे वाहणारी हॅमिलकार ग्लायडरे ओढून नेली होती, आणि पुढच्या मार्चमध्ये ऱ्हाइन नदी ओलांडण्याच्या मोहिमेतही भाग घेतला होता. युरोपातील युद्ध संपले, जपानशी चाललेले युद्ध अजून संपायचे होते. म्हणून ते पूर्वेकडे आले.

सहासात वर्षांच्या मुलाला यातले काय ठाऊक असणार? पथकाचा क्रमांक, नॉर्मंडी, ऱ्हाइन हे सारे मोठ्यांचे ज्ञान. मुलाला ठाऊक असतो तो आवाज. तो आधी कानात येतो, मग छातीत, आणि मग कौलांवरून सावली सरकते. लहानपणी पाहिलेले विमान माणसाच्या आठवणीत नेहमी त्याच्या खऱ्या मापापेक्षा मोठे असते. म्हणूनच पुढे केव्हातरी ते पुन्हा पाहावे, त्याला हात लावावा, असे त्याला वाटत राहते. वस्तुसंग्रहालयांचा खरा ग्राहक अभ्यासक नसून हा म्हातारा झालेला मुलगा होय.

परंतु त्याने हॅलिफॅक्स पाहावयाचे कोठे? अशी सहा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. भारतात आज त्यांपैकी एकही नाही. साऱ्या जगात मिळून तीन आहेत, आणि त्यांची कहाणी विलक्षण आहे. एक 1942 साली नॉर्वेतील गोठलेल्या सरोवरावर उतरले व बुडाले. 1973 साली ते वर काढण्यात आले, आणि आहे त्या मोडक्या स्थितीतच ते लंडनच्या हवाई दल संग्रहालयात ठेवले गेले. दुसरेही नॉर्वेच्याच एका सरोवरातून 1995 साली निघाले व कॅनडात पुन्हा उभे राहिले. तिसऱ्याच्या सांगाड्याचा मोठा तुकडा स्कॉटलंडजवळच्या बेटावर कोंबड्यांचे खुराडे म्हणून वापरात होता. त्याला दुसऱ्या जातीच्या विमानाचे पंख जोडून यॉर्कशायरमध्ये ते पुरे करण्यात आले. तळ्याने आणि कोंबड्यांनी जे राखले ते सरकारी कोठारांना राखता आले नाही! कचेऱ्यांतील ‘निकामी माल’ हा शब्द फार निर्दय आहे. तो एकदा कागदावर उमटला की लिलाव होतो, आणि लिलावात इतिहासाचे वजन होत नाही, फक्त धातूचे होते.

याच्या नेमके उलट घडल्याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. युद्ध संपल्यावर लिबरेटर जातीची अमेरिकन बाँबफेकी विमाने कानपूरच्या चकेरी तळावर मोठ्या संख्येने गोळा करण्यात आली. अमेरिकेने ती उसनवारीच्या कराराने दिली होती. काम झाल्यावर परत करावयाची किंवा नष्ट करावयाची, अशी अट. तेव्हा ब्रिटिशांनी निघण्यापूर्वी ती ठोकून, मोडून, इंजिनांत वाळू घालून निरुपयोगी केली. नव्या स्वतंत्र देशाजवळ जड बाँबफेकी विमान एकही नव्हते, आणि विकत घ्यावयास पैसाही नव्हता. बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या ढिगाऱ्यातून एकाचा भाग दुसऱ्याला लावीत सुमारे चाळीस विमाने उडण्याजोगी केली. जेमतेम दुरुस्त झालेली ती विमाने कानपूरहून बंगलोरला उडवीत नेण्याचे काम चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. या धाडसाची योग्यता मोठी आहे. त्या मानाने त्यांचे नाव फारच थोड्यांच्या कानी असते.

1948 च्या अखेरीस हवाई दलाचे पाचवे पथक या विमानांवर उभे राहिले. पुढे सहाव्या पथकाने त्यांच्यावरून समुद्राची टेहळणी केली. पुण्याला लोहगावच्या आसपास वाढलेल्या कित्येकांच्या बाळपणात ही जाडजूड, दोन शेपट्यांची विमाने म्हणूनच आली. 1968 साली ती निवृत्त झाली तेव्हा जगातील बहुतेक लिबरेटर वितळून गेलेली होती. बांधलेली अठरा हजारांहून अधिक. उरलेली बोटांवर मोजण्याइतकी. मग लंडन, ओटावा, ॲरिझोना येथील संग्रहालयांनी भारताकडे मागणी केली, आणि ज्यांनी ती मोडली व ज्यांनी ती बांधली त्या दोघांच्याही घरी आज भारतातून गेलेली लिबरेटर उभी आहेत. एक आपणही ठेवले. ते दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. तेथेच वापिटी, स्पिटफायर, नॅट आणि जपान्यांचे आत्मघातकी ओहका हेही आहेत. ही संहाराची यंत्रे मुलांना कौतुकाने दाखवावीत काय, असा प्रश्न कोणी विचारील. ओहकासमोर मूल उभे राहिले आणि ‘यातून परत कसे यायचे?’ असे त्याने विचारले, तर त्याचे उत्तर देताना बापाला युद्धाविषयी जे बोलावे लागेल ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही.

रायपूरला संग्रहालयाची परंपरा नवी नव्हे. महंत घासीदास संग्रहालय 1875 सालचे. सिरपूरच्या कांस्यमूर्ती आणि किरारीचा कोरीव लेखाचा लाकडी स्तंभ तेथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे लाकूड सांभाळणाऱ्या या शहराला मान्याच्या त्या काही महिन्यांसाठी एक काचेची पेटी जड होऊ नये. हॅलिफॅक्स काही मिळणार नाही. छायाचित्रे मिळतील, नकाशे मिळतील, एखाद्या घरात पत्र्याचा तुकडाही निघेल. ज्यांनी ती विमाने डोळ्यांनी पाहिली त्यांपैकी जे हयात आहेत त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. विमान कोणत्या दिशेने आले, घरात कोण काय म्हणाले, हे त्यांना या हिवाळ्यातच विचारून घ्यावयास हवे.