स्वस्त पिस्तुलाचा मालक

श्रोतेहो, अमेरिकेतील गहाणवटीच्या दुकानांत, जुनी घड्याळे, व्हायोलिने आणि सोडवून न नेलेल्या लग्नाच्या अंगठ्या यांच्या शेजारी, १९७० नंतरच्या दोन दशकांत एक चिमुकले पिस्तूल हमखास मांडलेले असे. तळहातावर मावेल एवढे. वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. पोटात सहा काडतुसे. किंमत साठ-सत्तर डॉलर. त्याचे नाव रेव्हन एमपी-२५. चांगल्या कारखान्याचे पोलादी पिस्तूल त्याच्या कित्येक पटींनी महाग असे, आणि म्हणूनच रात्रपाळीचा टॅक्सीवाला, कोपऱ्यावरचा लहान दुकानदार, एकटी राहणारी विधवा, असे गिऱ्हाईक त्याच्याकडे वळे. चोर-दरोडेखोरही वळत, आणि पोलिसांच्या दप्तरात या जातीच्या पिस्तुलांची नोंद मोठी आहे. ‘सॅटरडे नाइट स्पेशल’ हे तुच्छतेचे नाव त्यांना त्यामुळेच चिकटले. इंदूर-बऱ्हाणपूरकडील श्रोत्यांना येथे कट्ट्याची आठवण होईल. परंतु कट्टा चोरून बनतो व चोरून विकला जातो, त्याच्या मालकाचा अनुभव छापून येत नाही. ही पिस्तुले उघड्या दुकानात पावतीनिशी विकली गेली, आणि ज्यांनी ती सरळ मार्गाने घेतली त्यांना काय पदरात पडले, एवढाच आजचा विषय आहे.

हा धंदा जन्माला घातला तो एका कायद्याने. जून १९६८ मध्ये लॉस एंजेलिस येथे रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या; हत्यार होते पॉइंट बावीस व्यासाचे एक स्वस्त रिव्हॉल्व्हर. त्याच वर्षी ऑक्टोबरात नवा शस्त्रकायदा झाला आणि परदेशातून येणाऱ्या लहान, हलक्या पिस्तुलांना बंदरावरच अटकाव झाला. गंमत अशी की केनेडींवर रोखलेले हत्यार विलायती नव्हतेच, आयव्हर जॉन्सन या अमेरिकन कारखान्याचे होते. आणि देशी मालाला कायद्याने हातही लावला नाही. मागणी होती तशीच राहिली, पुरवठा मात्र आटला. १९७० साली कॅलिफोर्नियात यंत्रशाळा चालविणारे जॉर्ज जेनिंग्ज यांनी ही फट हेरली आणि रेव्हन कंपनी काढली. पुढे मुलगा, जावई अशा नात्यागोत्यातूनच लॉस एंजेलिसच्या भोवताली असे अनेक कारखाने उभे राहिले. गॅरेन विंटेम्यूट या डॉक्टरांनी १९९४ साली त्यांवर अभ्यासपूर्ण अहवाल लिहिला व त्या समूहाला ‘अग्निवलय’ असे नाव दिले.

स्वस्ताईचे रहस्य धातूत होते. चांगल्या पिस्तुलाचे भाग पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढतात. येथे जस्ताचा मिश्रधातू वितळवून साच्यात ओतीत. तो अवघ्या ३८५ अंश सेल्सियसच्या सुमारास पाघळतो. इलिनॉय व साउथ कॅरोलिना या राज्यांनी तर कायदाच केला की ८०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४२७ सेल्सियसच्या, आत वितळणारे पिस्तूल दुकानात विकता येणार नाही. तरीही जस्त अगदीच कुचकामी ठरले असे नाही. पॉइंट पंचवीसचे काडतूस जॉन ब्राउनिंग या विख्यात शस्त्ररचनाकाराचे, १९०५ च्या सुमाराचे. त्यातली गोळी फक्त सव्वातीन ग्रॅमची आणि दारूचा दाबही बेताचा. तेवढा धक्का जस्ताला सोसतो.

म्हणूनच की काय, रेव्हनच्या मालकांचा सूर पुष्कळसा समाधानी आढळतो. नेम धरण्याची सोय नावापुरती, चाप जड. पण तांब्याच्या कवचाची साधी गोळी घातली तर ते सहसा अडत नसे. रचनाही इतकी काटकसरीची की काडतुसावर आघात करणारी खीळच रिकामे टरफल बाहेर ढकलण्याचे कामही करी.

खरी रडकथा आहे ती पॉइंट बावीसवाल्यांची. हे काडतूस १८८७ पासूनचे, जगात सर्वात स्वस्त, आणि म्हणून गरिबाच्या पिस्तुलाला योग्य असे कोणालाही वाटावे. परंतु त्याच्या बुडाला कडा असते आणि पेट घेणारे रसायन त्या कडेतच पसरलेले असते. पेटीत एकावर एक काडतुसे रचताना एकाची कडा दुसऱ्याच्या कडेमागे गेली की यंत्र अडलेच. रसायन कडेत नीट पसरले नसेल तर आघात होतो, बार होत नाही. त्याच कुटुंबातल्या जेनिंग्ज जे-२२ या पिस्तुलाचे मालक म्हणूनच एखाद्या हट्टी लेकराचे कोडकौतुक सांगावे तशा तक्रारी सांगत. कोणी पेटीचे ओठ पकडीने हलकेच वाकवी. कोणी काडतूस ज्या उतरणीवरून नळीत शिरते ती उतरण बारीक पॉलिशकागदाने घासून आरशासारखी करी. पाच कंपन्यांची काडतुसे आणून त्यातली कोणती या पिस्तुलाला ‘मानवतात’ याची कोणी वही ठेवी. शे-दोनशे बार काढल्यावर ते वठणीवर येते, असे जुने मालक नव्यांना सांगत. फार जोरकस काडतुसे वापरू नयेत, जस्ताचा वरचा सरकता भाग तडकतो, हेही सांगत. नवा स्टोव्ह आणून आठ दिवस त्याच्या पिनेशी झगडणाऱ्या गृहिणीला हा प्रकार समजावून सांगायला नको. कारखान्याने जे काम अर्धे सोडले, ते कानस घेऊन गिऱ्हाईक घरी पुरे करीत होते, आणि त्यात त्याला थोडा अभिमानही वाटत होता.

हा अभिमान चालला असता, जर उणीव फक्त अडण्यापुरती असती. अडलेले पिस्तूल दुरुस्त करता येते. नको तेव्हा उडणाऱ्या पिस्तुलाला कानस लागू पडत नाही. अनुभवी मालकांचा एक नियम एकमताचा होता, की या पिस्तुलाच्या नळीत काडतूस भरून ते खिशात बाळगू नये. हातून पडले तर उडू शकते. आता अंधारात चाहूल लागली असता दोन हातांनी ओढून भरावे लागणारे हत्यार रक्षणाला कितपत उपयोगी, हा विचार प्रत्येकाने आपापला करावयाचा.

१९९४ साली कॅलिफोर्नियातच एका घरी असेच एक पिस्तूल होते. ब्रायको या अग्निवलयातल्याच कंपनीचे, थोड्या मोठ्या व्यासाचे. सात वर्षांच्या मुलाला सांभाळायला आलेल्या वीस वर्षांच्या स्नेह्याने ते रिकामे करावयास घेतले. हेतू सावधगिरीचाच होता. सुरक्षेची कळ लावलेली असेतो या पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतच नसे. म्हणजे आतले काडतूस काढावयाचे तर आधी कळ सोडून पिस्तूल उडण्याजोगे करणे भाग होते. त्याने कळ सोडली, आणि बार झाला. मूल मानेपासून खाली कायमचे पांगळे झाले. पुढे खटल्यात जे निघाले ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. आधीच्या रचनेत कळ लावूनही पिस्तूल रिकामे करता येत असे. पण तसे करताना काडतूस अडे, आणि तो अडण्याचा दोष झाकण्यासाठी ही कुलुपासारखी रचना आणली गेली, असा वादीपक्षाचा आरोप होता. २००३ साली ज्यूरीने कंपनी व तिच्याशी संबंधितांवर सुमारे २ कोटी ४० लक्ष डॉलरांची जबाबदारी टाकली. कंपनीने लगेच दिवाळे जाहीर केले.

अशा रचनेला आधीच कोणी कसे हटकले नाही, असे श्रोते विचारतील. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक आयोग नेमला गेला. मुलांच्या छऱ्याच्या बंदुकीवर त्याची नजर असते. खरी पिस्तुले त्याच्या कक्षेबाहेर ठेवली गेली. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली स्वतःचा कायदा करून पिस्तूल उंचावरून टाकून पाहण्याची आणि त्यातून सहाशे बार काढून पाहण्याची कसोटी घातली. त्या मुलाला तेव्हा पाच वर्षे उशीर झाला होता.

२००४ च्या ऑगस्टात ब्रायकोचे साचे, यंत्रे आणि अर्धवट तयार पिस्तुले लिलावात निघाली. तो मुलगा आता सतरा वर्षांचा होता. त्याच्या वतीनेही बोली लावण्यात आली. सगळा माल घेऊन वितळवून टाकावा, अशी त्याची इच्छा होती. बोली ५ लक्ष १० हजार डॉलरांवर थांबली, आणि माल कारखान्याच्या जुन्या फोरमनला मिळाला. त्याने आपल्या नावाने नवी कंपनी काढली व त्याच साच्यांतून पुन्हा पिस्तुले ओतावयास आरंभ केला. ती कंपनीही २०२० साली दिवाळ्यात गेली.