उघडं पाणी

मला रेडिओवर पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘चीनची महानगरं : पहिल्या भेटीत’. पाच मिनिटांत बीजिंग, शांघाय आणि चोंगचिंग! तेव्हा मी आपली सरळ पाण्यावर येते.

चीन पाहून आलेल्यांच्या मोबाइलमध्ये फोटो ठरलेले. शांघायच्या ह्वांगपू नदीकाठी उभं राहायचं आणि पलीकडचा 632 मीटरचा शांघाय टॉवर मानेत कळ येईपर्यंत न्याहाळायचा. मीही न्याहाळला. पण मला सांगा, कुणाच्या घरी गेलो की आपण त्या घराची पारख दिवाणखान्यातल्या शोकेसवरून करतो का? उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात पाण्याचा तांब्या किती लवकर येतो, त्यावरूनच करतो ना? मी तेच माप लावलं. तांब्या लगेच आला. फक्त चटका बसला.

बीजिंगमधल्या पहिल्याच संध्याकाळी एका खानावळीत पाणी मागितलं, तर पेल्यातून वाफा! मला वाटलं, बाई चहात पत्ती टाकायला विसरली. खुणा करून गार पाणी मागितलं, तेव्हा ती वाढणारी मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी आजी तापात आइस्क्रीम मागणाऱ्या नातवाकडे बघते.

तिकडे नळाचं पाणी तसंच पीत नाहीत, उकळून पितात. उकळलेल्या पाण्याला ते म्हणतात ‘काय श्वेइ’. मराठी कानाला हा प्रश्नच वाटतो, पण ‘काय’ म्हणजे उघडणं आणि ‘श्वेइ’ म्हणजे पाणी. उघडलेलं पाणी! ती दोन अक्षरं एकदा ओळखीची झाली की स्टेशनवर, विमानतळावर दिसायला लागतात. खाली स्टीलचं यंत्र, त्याला तोटी, आणि पैसे काही नाहीत. आपल्याकडच्या पाणपोईचा माठ आठवला. पण त्यावर बोलायला लागले तर चीन राहूनच जाईल.

बीजिंग ते शांघाय हा 1,318 किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग 2011 मध्ये सुरू झाला. जलद गाडी साडेचार तासांच्या आसपास पोचवते. वेगाचं कौतुक सगळेच करतात, करावंच. पण ताशी साडेतीनशे किलोमीटरनं धावणाऱ्या गाडीतही डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची तोटी असते, हे मला जाण्याआधी कुणीही सांगितलं नाही. रेडिओवरचे निम्मे शब्द फोडणीच्या आवाजात जातात, म्हणून पुन्हा सांगते : उकळतं पाणी, चालत्या गाडीत, फुकट.

मी उत्साहानं उठले आणि विकतच्या पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली तोटीखाली धरली. बाटलीनं अंग चोरलं, कंबरेत वाकली आणि बघता बघता तळलेल्या कुरडईसारखी झाली. मागे उभ्या असलेल्या आजीबाई खो खो हसल्या. मग त्यांनी आपल्या थर्मासचं झाकण माझ्या हातात दिलं आणि त्यात चहा ओतला. लांब हिरवी पानं तळाशी बसलेली. तीच पानं, वरून पुन्हा पुन्हा गरम पाणी. त्यांचा चहा शांघायपर्यंत पुरला.

ही सवय एका रात्रीत लागलेली नाही. जुन्या शांघायच्या गल्ल्यांत खोल्या एवढ्याशा, जळण महाग. नुसतं पाणी उकळायला घरोघरी चूल कोण पेटवणार? म्हणून गल्लीत गरम पाण्याची दुकानं असत. त्यांना म्हणत ‘वाघचूल’. शेजारीपाजारी थर्मास घेऊन जायचे, भरून आणायचे. पुढे 1952 पासूनच्या सरकारी आरोग्य मोहिमेनं ‘उकळूनच प्या’ हे घरोघर पोचवलं. म्हणजे मनोऱ्यांच्या कितीतरी आधी या शहरात चूल होती, आणि ती गल्लीची होती. तुम्ही शोकेसचेच फोटो काढत बसलात तर ती दिसणार कशी?

सगळं गोड आहे असं नाही. प्रत्येक मेट्रो स्टेशनात शिरताना पिशवी तपासतात, घरात पाऊल टाकण्याआधी पाय धुवायला लावणाऱ्या आजेसासूबाईंसारखं. बीजिंगला माझी पाण्याची बाटली बघून ‘एक घोट पिऊन दाखवा’ अशी खूण झाली. प्यायले. पैसेही सगळे मोबाइलवरून देतात. नोट पुढे केली की समोरचा सुटे शोधत बसतो आणि पाहुणा ओशाळतो.

चोंगचिंगचं मात्र सांगायलाच हवं. तिथे लित्झपा नावाच्या स्टेशनात गाडी चक्क राहत्या इमारतीच्या पोटातून जाते. खाली-वर माणसं नांदतात आणि मधल्या मजल्यांवरून… काचेपलीकडून हात दाखवताहेत, वेळ संपली म्हणे. आजीबाईंबरोबरच्या पत्त्यांच्या डावाचंही राहिलं. असो. जाल तेव्हा बाटली स्टीलची न्या.