चिन्ह नुसतं ऐकू नका, पाहून ठेवा

(बारामती एमआयडीसीत तरुण कामगारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

रात्रपाळी करून थेट इथे आलेल्यांचे विशेष आभार. मध्येच डुलकी लागली तर मी मनावर घेणार नाही.

आपल्याबद्दल एक शब्द दर निवडणुकीत हमखास निघतो: 'एकगठ्ठा'. जणू मोहल्ल्यात कुणी बुजुर्ग एक कळ दाबतात आणि हजार मतं पडतात. अशी कळ जगात आहे, पण ती आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत पक्षाच्या नावापुढे एकच खूण केली, की वरपासून खालपर्यंत त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. मिशिगनमध्ये ही सोय आहे. टेक्सासमध्येही होती. तिथे २०१८ साली अशी खूण केलेल्या काही मतदारांना यंत्राच्या पडद्यावर भलत्याच पक्षाचा उमेदवार दिसला. अधिकारी म्हणाले, पडदा पूर्ण उमटायच्या आत लोकांनी पुढची कळ दाबली. दोष यंत्राचा की माणसाचा, यावर भांडण झालं. २०२० च्या निवडणुकीपासून तिथे ती सोय बंद आहे. तसा कायदा आधीच झाला होता.

आपल्या यंत्रावर तर पक्षाचं नावच नसतं. अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव, फोटो आणि चिन्ह, बस्स. त्यामुळे पक्ष मनात पक्का असला तरी बटण डोळ्यांनीच शोधावं लागतं.

ते किती अवघड असतं, हे आपल्याच बारामतीत दिसलं. ७ मे २०२४, लोकसभेचं मतदान. रिंगणात ३८ उमेदवार. एका मतदान यंत्रावर १६ नावं मावतात, म्हणजे टेबलावर तीन यंत्रं. सुप्रिया सुळे यांचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. आणि त्याच यादीत एका अपक्षाला मिळालं होतं ट्रम्पेट, ज्याला आपण पिपाणी म्हणतो. आयोगाच्या मराठी यादीत मात्र त्याचं नाव होतं 'तुतारी'. या अपक्षाला जवळपास १५,००० मतं पडली. ती सगळीच चुकून पडली असं मी म्हणणार नाही, अपक्षाला मत देणं हा गुन्हा नाही. पण प्रचारात सगळीकडे 'तुतारी, तुतारी' कानावर पडलं होतं, आणि कागदावर 'तुतारी' लिहिलेलं दुसरंच चिन्ह होतं.

इथे सुळे १,५८,३३३ मतांनी जिंकल्या, म्हणून गोष्ट विसरली गेली. साताऱ्यात तसं झालं नाही. शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि पिपाणीवाल्या अपक्षाने ३७,०६२ मतं घेतली. दिंडोरीत तर पिपाणीला लाखाच्या वर मतं गेली. विधानसभेच्या आधी आयोगाने त्या चिन्हाचं मराठी नाव बदलून 'ट्रम्पेट' केलं.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांचा फटका सर्वात मोठा. आपल्या घरात दादी, नानी, खाला कुणाच्या तरी सांगण्यावरून जातात. 'अमुक निशाणी दाबा' एवढंच आपण सांगतो. निशाणी दाखवतो किती जण?

आणि एकगठ्ठ्याचं म्हणाल, तर याच बारामती विधानसभा क्षेत्रात लोकसभेला सुळे यांना ४७ हजारांहून जास्त आघाडी होती. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, अजित पवार १,००,८९९ मतांनी निवडून आले. 'लोकसभेला ताई, विधानसभेला दादा.' याचा जाब बारामतीकरांना कुणी विचारला नाही. विचारूही नये. मतदाराने दोन निवडणुकांत दोन वेगळे विचार करणं हा त्याचा हक्क आहे. तो आपल्यालाही तितकाच आहे, जमातीत कुणी काही ठरवलं असलं तरी.

हा हक्क सर्वात जास्त कामाला येतो नगरपरिषदेला. तिथे नगराध्यक्षाचं एक मत आणि प्रभागातल्या प्रत्येक जागेचं एकेक. बहुतेक प्रभागांत मिळून तीन. आसपासच्या गावांत राहणाऱ्यांना जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची दोन. कार्यकर्ते 'पॅनेल टू पॅनेल' म्हणतील. ऐका, पण यंत्राची तशी काही अट नाही. एका जागेला एका पक्षाचा उमेदवार, दुसऱ्या जागेला दुसऱ्याचा, तिसऱ्या जागेला नोटा, हे सगळं चालतं. चालत नाही ते एवढंच: एक बटण दाबून निघून जाणं. सगळ्या जागांचं मतदान पूर्ण झाल्याशिवाय तो लांब बीप वाजत नाही. बीप ऐकल्याशिवाय पडद्याआडून हलू नका. या निवडणुकांत व्हीव्हीपॅटही नसतं. लोकसभा-विधानसभेला काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, तेवढाही आधार इथे नाही.

सुट्टीचं एक सांगतो. लोकसभा-विधानसभेला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी कायद्याने मिळते, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ब. रोजंदारीवाल्यांनाही. ठेकेदार नाही म्हणाला तर कलम दाखवा.

बाकी प्रश्न चहाच्या वेळी. आता पुठ्ठ्यावर केलेली ही तीन यंत्रं टेबलावर लावतो. ज्यांनी अम्मीला किंवा दादीला सोबत आणलंय त्यांनी त्यांना पुढे बसवा. पहिलं बटण त्यांनी शोधायचं, आणि मुलांनो, तुम्ही बोटाने दाखवायचं नाही.