जिवाणूंची वंशावळ आणि गणित : स्वागताध्यक्षीय भाषण



मुळेच्या पाटपाण्यावर पोसलेल्या आणि ऊस-साखरेच्या व्यवहारात गढलेल्या या सोनई गावी स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करताना, जिवाणूंच्या उत्क्रांतीचा इतिहास गणिताच्या साह्याने लावण्याचा आपल्या परिषदेचा विषय या भूमीस परका आहे, असे मला मुळीच वाटत नाही. आमच्याच तालुक्यातील नेवाशास शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि पाठभेदांनी अशुद्ध झालेल्या तिच्या प्रतींचे शोधन करून एकनाथमहाराजांनी शके 1506 मध्ये शुद्ध प्रत तयार केली. दोन प्रतींत एकाच जागी एकच चूक आढळली, तर त्या बहुधा एकाच प्रतीवरून उतरलेल्या असतात, हा जो नकलांचा न्याय, तोच जिवाणूंसही लागू पडतो. कारण पेशी दुभंगताना तिच्या जनुकांची नक्कल होते, नकलेत क्वचित एखादे अक्षर चुकते, आणि ती चूक वंशजांकडे वारशाने जाते. ज्यांच्यामागे हाड ना कवटी उरत, त्यांच्या कुळाचा याहून सबळ दाखला तो कोणता?

परंतु नुसते ताडून भागत नाही. अवघ्या दहा जिवाणूंची नाती, मूळपुरुष न ठरवताही, 20,27,025 प्रकारांनी मांडता येतात. त्यांतून निवड करावयाची तर संभाव्यताशास्त्रास शरण जाणे प्राप्त आहे. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये रायबोसोममधील आरएनएची तुलना करून, तोवर जिवाणूंतच खतावलेला एक समूह वस्तुतः निराळ्या वंशाचा असल्याचे दाखविले. पुढे त्याच रीतीचा फेरफार आमच्या उसापर्यंत पोचला. 1988 मध्ये ब्राझीलमधील उसात सापडल्याचे जाहीर झालेला, हवेतील नत्र स्थिर करणारा जो अ‍ॅसिटोबॅक्टर, ज्याच्या द्रावणात आमचे शेतकरी लागणीपूर्वी टिपऱ्या बुडवितात, त्याची रवानगी ग्लुकोनॅसिटोबॅक्टर या नव्या कुळात झाली. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र जुनेच नाव राहिले, आणि उसाचे त्यावाचून काही अडलेले दिसत नाही!

एक अडचण मात्र नकलांच्या या न्यायात बसत नाही. जिवाणू परक्या कुळाकडूनही जनुके उसनी घेतात; औषधांस दाद न देण्याचा गुण पुष्कळदा असाच पसरतो, आणि एका जनुकावरून काढलेली वंशावळ दुसऱ्या जनुकाच्या वंशावळीशी जुळेनाशी होते. म्हणून प्रत्येक फांदीपाशी आपल्या खात्रीचे प्रमाण नोंदविणारी वंशावळ मला भरवशाची वाटते; निःशंकपणे रेखाटलेले सुबक झाड माझ्या मते चौकशीस पात्र आहे.

आमच्याकडे गणिताचे आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापक एकाच आवारात वावरूनही क्वचितच एका मेजाशी बसतात. आपण त्यांना या परिषदेत एकत्र बसवावे, विद्यार्थ्यांच्या शंका कितीही बाळबोध असल्या तरी ऐकून घ्याव्यात, आणि व्यवस्थेत जे न्यून राहील ते स्वागत समितीच्या खाती मांडावे, ही नम्र विनंती.