लोणकढी थाप



या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सारे विषय होऊन गेले. आम्ही आज थापांवर बोलणार आहोत. थापा मारणार आहोत असे नव्हे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

हुरड्याच्या दिवसांत शेतात आगटी पेटली, की आम्ही नांदेड-लातूरची स्नेहीमंडळी पैजेने थापा सांगतो. नियम एकच. थाप केवढीही असो, ऐकणाऱ्याने "खरे आहे" म्हणून मान डोलवायची. ज्याच्या तोंडून "खोटे!" निघेल तो हरला, पुढची कणसे त्याने भाजायची आणि धूरही त्यानेच खायचा.

नांदेडकर सुरुवात करतो, "यंदा गोदावरीला असा पूर आला, की मासे घाटाच्या पायऱ्या चढून मंडईत गेले आणि आपणहून तराजूत बसले." लातूरकर शांतपणे म्हणतो, "खरे आहे. त्यांतले दोघे आमच्या आडतीवर आले होते. तुरीचा भाव विचारून परत गेले."

पाहा, रंग भरतो तो पुरामुळे नव्हे, तुरीच्या भावामुळे. नुसता डोंगराएवढा बैल सांगून कोणी फसत नाही. त्या बैलाची वेसण कोणत्या बाजारातून आणली तेही सांगावे लागते. लोणी कढवून काढलेले ताजे तूप ते लोणकढे. थापही तशीच समोर कढवलेली हवी.

हा खेळ आमचा नव्हे, फार जुना आहे. लोककथांच्या अभ्यासकांनी जगभरच्या कथांना क्रमांक दिले, त्यांत थापांच्या पैजेलाही स्वतंत्र क्रमांक आहे. राजा म्हणतो, मला "खोटे" म्हणायला लावील त्याला बक्षीस. एक गरीब माणूस रांजण घेऊन येतो : "महाराज, आपल्या वडिलांनी माझ्या वडिलांकडून हा रांजणभर मोहरा उसन्या नेल्या होत्या." खरे म्हणावे तर मोहरा द्या, खोटे म्हणावे तर बक्षीस द्या!

इंग्लंडात कंब्रिया परगण्यात सँटन ब्रिज येथे विल रिट्सन या एकोणिसाव्या शतकातील खाणावळवाल्याच्या स्मरणार्थ दर नोव्हेंबरात अशी स्पर्धा भरते. वकील आणि राजकारणी यांना तेथे मज्जाव आहे. त्यांचा हात फार सरावलेला, असे कारण देतात. आपल्याकडे हा नियम लावला तर आगटीभोवती ऐसपैस बसता येईल.

आता एका पैजेची हकीकत. त्या वर्षी एका स्नेह्याचा पुण्यात वाढलेला आठ-नऊ वर्षांचा नातू आमच्यात बसला होता. लातूरकराची पाळी आली. तो म्हणाला, "आमच्या गावाला एकदा रेल्वेने पाणी आले. मिरजेहून. दहा टाक्या, पाच लाख लिटर."

पोरगा उसळून म्हणाला, "खोटे! रेल्वेने कुठे पाणी येते काय?"

कोणी हसले नाही. धनेगावचे मांजरा धरण आटले होते आणि १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली पाणीगाडी लातूर स्थानकात आली, हे आम्ही सारे जाणत होतो. नांदेडकरांनी वाद काढला : खरी गोष्ट थाप म्हणून चालते काय? आम्ही म्हटले, नियमात कोठे मनाई आहे? बराच वेळ खल झाला. आयुक्तालयावरूनही या दोन गावांचा इतका शांतपणे वाद झाला नसेल.

शेवटी लातूरकरच उठला. "पोराला कशाला धूर खायला लावता?" म्हणाला, आणि स्वतः आगटीपाशी बसून कणसे भाजू लागला.