घरची बोली आणि शाळेची भाषा



काही वर्षांपूर्वी मेळघाटातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला. पहिलीचा वर्ग. गुरुजींनी तांब्यातले पाणी ओतून दाखविले आणि विचारले, "हे काय?" एक पोर चटकन म्हणाले, "डा!" गुरुजी म्हणाले, "चूक. पाणी म्हण." पोर खाली बसले, ते तास संपेपर्यंत पुन्हा बोललेच नाही. आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची? कोरकू भाषेत पाण्याला 'डा'च म्हणतात!

कोरकू ही काही मराठीची बिघडलेली बोली नव्हे. संथाळी, मुंडारी यांच्या कुळातली ती स्वतंत्र भाषा. 'कोर' म्हणजे माणूस, 'कोरकू' म्हणजे माणसे. संस्कृतातले द्विवचन आपण घोकून पाठ केले. कोरकू मूल ते आईच्या मांडीवरच शिकते. अशा मुलाला आपण 'मंद' म्हणतो, हा केवढा अन्याय!

याबाबत कायदा मुका नाही. १९४९ साली प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरविले की, वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले वेगळ्या मातृभाषेची असतील, तर प्राथमिक शिक्षण त्या भाषेत द्यावे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. त्यात आठव्या अनुसूचीची अट नाही. तथापि व्यवहारात अनुसूचीतल्या भाषेला वजन येते. संथाळीला तिथे २००३ च्या घटनादुरुस्तीने जागा मिळाली. तिची बहीण कोरकू अजून बाहेरच आहे.

याच १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून तिथला मराठी माणूस आपल्या शाळांसाठी झगडतो आहे, आणि ते न्याय्यच आहे. पण मग धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलाने तेच मागितले, तर आपले माप बदलावे काय? बेळगावात आपण थोडे, मेळघाटात आपण पुष्कळ. फरक काय तो एवढाच.

कोणी म्हणेल, "अहो, त्या आईबापांनाच मराठी हवी आहे. बाजार, कचेरी, नोकरी सारे मराठीत." खरे आहे! मराठी त्यांना मिळालीच पाहिजे, आणि चांगली मिळाली पाहिजे. पण दुसऱ्या तीरावर जायचे, तर पूल या तीरावरून बांधावा लागतो. आधी घरच्या भाषेत बोलणे, मोजणे, गोष्ट सांगणे. तीच भाषा देवनागरीत वाचणे. आणि जोडीने मराठी, रोज थोडी थोडी वाढत जाणारी. एकदा वाचणे म्हणजे काय हे कळले, की ते दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. घरची भाषा काढून घेऊन मराठी देणे हे द्विभाषिक शिक्षण नव्हे.

सरकारने पुस्तके करावीत, कोरकू जाणणारे शिक्षक नेमावेत. पण शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तोवर थांबण्याचे कारण नाही. एक वही घ्या. मुलांनाच विचारून त्यांचे शंभर शब्द लिहून काढा. आठवड्यातून एकदा गावातल्या एखाद्या आजीला वर्गात बोलावून तिच्या भाषेत गोष्ट सांगू द्या. गुरुजी आपली भाषा शिकताहेत, हे पाहून मुलाची जीभ मोकळी होईल.

आणि कोणी 'डा' म्हणाले, तर म्हणा, "शाबास! आणि मराठीत त्याला पाणी म्हणतात."